जानूची पिकअप आणि विहिरीचं पाणी

जहाजावर जायच्या आदल्या दिवशी जानूने धाकट्या भावाला, धाकूला, आपल्या पिकअपखाली उताणं झोपवलं आणि स्वतः शेजारी झोपला. नवख्या पाहुण्याला गावचं देऊळ दाखवावं तसं तो एकेक दाखवत गेला. ही चॅसी. हा मागच्या हौद्याचा पत्रा. ही ब्रेकची नळी, इथून निघते ती पार मागच्या चाकापर्यंत जाते.

"सतरा वर्षांची झाली ही," जानू म्हणाला. "त्यातली अकरा वर्षं मासळी वाहिली. बर्फाचं पाणी, माशांचं पाणी, सगळं हिच्या हाडात मुरलंय. आता हिला खारं दाखवायचंसुद्धा नाय. दर रविवारी पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं आणि खालून धुवायचं. कुठल्या पाण्याने?"

"नळाच्या," धाकू म्हणाला.

"विहिरीच्या?"

"नाय."

"नाय म्हणजे अजिबात नाय. मचूळ आहे ते."

"दादा, मला सांगतोस?"

धाकूचं हे म्हणणं रास्त होतं. तो बी.एस्सी. होता आणि रत्नागिरीतल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होता. दरवर्षी तो नववीच्या मुलांसाठी तीन परीक्षानळ्यांत तीन खिळे ठेवायचा: एक उकळलेल्या पाण्यात, एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात. आठवड्याने मिठातला खिळा चिमट्यात धरून वर्गभर फिरवायचं कामही त्याचंच. बावीस वर्षं तो हा खिळा फिरवत होता. तेव्हा गंज कशाने चढतो हे धाकूला ठाऊक नव्हतं, असं पुढे कोणाला म्हणायची सोय राहिली नाही. त्याला स्वतःला तर नव्हतीच.

घर खाडीच्या कडेला. नळ पुढच्या दारी, रस्त्याला लागून. पिकअप मागच्या दारी, नारळाच्या झापांच्या मांडवाखाली. मधे अख्खं घर. नळाला पाणी एक दिवसाआड, सकाळी साडेसहा ते सव्वासात, आणि त्यावर पहिला हक्क स्वयंपाकघरातल्या पिंपांचा. पहिल्या रविवारी धाकूने बावीस बादल्या वाहिल्या. दुसऱ्या रविवारी चौदा. तिसऱ्या रविवारी नळाला पाणी नव्हतं, आणि शनिवारी ते भरून ठेवायचं राहून गेलं होतं.

विहीर पिकअपपासून दहा पावलांवर होती. तिला मोटर होती, मोटरीला पाइप होता, आणि पाइप बरोबर पिकअपच्या मागच्या चाकापर्यंत पोचत होता. कोणी मुद्दाम मापून कापावा तसा.

पावसाळा नुकताच सरला होता. विहीर भरलेली होती आणि पाणी जवळजवळ गोडं होतं. 'जवळजवळ' हा शब्द धाकूला त्या रविवारी फार उपयोगी पडला. त्याने बटण दाबलं. सात मिनिटांत गाडी खालून धुऊन झाली आणि उरलेल्या वेळात त्याने पेपर पुरवणीसकट वाचला.

असं सहा महिने चाललं. नाताळच्या सुमाराला विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना. फेब्रुवारीत साबणाला फेस येईना. रुपालीने, म्हणजे धाकूच्या बायकोने, ते पाणी भांड्यांनासुद्धा बंद केलं.

"पातेल्यांवर पांढरे डाग पडतात हो," ती म्हणाली.

"मग वापरतेस कशाला?"

"मी कुठे वापरते? तुम्ही वापरता. गाडीला."

"गाडीत कुठे डाळ शिजवायचीय?"

यावर तो एकटाच हसला.

दर रविवारी जहाजावरून जानूचा व्हिडिओ कॉल यायचा. मागे कधी पांढरा समुद्र, कधी निळा. बायकोची, म्हणजे कमळाची, विचारपूस झाली की फोन धाकूकडे. धाकू मागच्या दारी जायचा आणि फोन वाकवून गाडीचं पोट दाखवायचा. पाणी टपटपत असायचं, ओला पत्रा चमकत असायचा.

"धुतलीस?"

"धुतली."

हे खोटं नव्हतं, हीच तर त्यातली सोय. कशाने धुतलीस, असं जानूने सहा महिन्यांत एकदाही विचारलं नाही. एकदा सांगितलं की भाऊ करणार, असं तो धरून चालला होता. जानेवारीत मुरुडचा एक खलाशी सुट्टीवर आला, त्याच्या हाती जानूने डोक्याला बांधायची बॅटरी पाठवली. सोबत चिठ्ठी: 'खालून धुताना डोळे ताणू नको.' धाकूने बॅटरी कपाटात लग्नातल्या शालीखाली ठेवली आणि चिठ्ठी कुठे ठेवावी ते न सुचून खिशात. ती पँट धुवायला पडली तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं. पाणी मात्र तेच मारत राहिला. सवय मोडायची म्हणजे आधीचे सगळे रविवार चुकीचे होते असं कबूल करणं आलं.

मार्चच्या शेवटी जानूने फोनवर वेगळीच बातमी दिली. गुडघे गेले होते. कंपनीच्या डॉक्टरने पुढच्या खेपेला पास करणार नाही असं सांगून टाकलं होतं.

"झालं जहाज," जानू म्हणाला. म्हणताना तो चक्क खूश होता. "आता गाडी आणि आम्ही दोघं. जेटीवर मासळी घ्यायची आणि थेट देवरूखचा बाजार. गाडी एकदम फिट आहे ना? तुझ्या जिवावर बोलतोय हो."

कमळावहिनी धाकूच्या मागे उभी राहून ऐकत होत्या. गेली सहा वर्षं त्या बाजाराच्या दिवशी लोकांच्या टेम्पोत, क्रेटांच्या मधे पाय दुमडून देवरूखला जात होत्या. "मी पुढे बसणार," त्या म्हणाल्या. "खिडकीशी. काय भावजी, खिडकीची काच खाली होते ना?"

"होते," धाकू म्हणाला. काचेला पाणी लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने शाळेतून रजा काढली. मागच्या चाकांना जांभ्याचे चिरे लावले, जॅक चढवला, शालीखालची बॅटरी काढून डोक्याला बांधली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच तो गाडीखाली शिरला. बॅटरी उत्तम होती. सगळं दिसत होतं. हौद्याच्या पत्र्याला त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवलं, आणि ते मुठीपर्यंत आत गेलं. वरून उजेड खाली आला.

बाहेर वहिनी कोणाला तरी सांगत होत्या, "भावजी बघा, दादाच्या गाडीसाठी रजा घेतलीनी."

पुढचे दहा दिवस धाकूने जे केलं, ते या खाडीकाठच्या माणसाशिवाय दुसरं कोणी केलं नसतं. गावातल्या होड्या आता फायबरच्या. भोक पडलं की मॅट लावायची, रेझिन चोपडायचं, वाळलं की घासून रंग द्यायचा, होडी परत पाण्यात. धाकू प्रयोगशाळेत गेला तरी त्याचा हात मुळात होडीवरचा होता. जे होडीला बारा महिने समुद्रात चालतं, ते पिकअपला रस्त्यावर का चालू नये? कारण होडीला पत्राच नसतो, आणि फायबरखाली झाकलेला गंज आतून खात राहतो. हे कारण त्याला तोंडपाठ होतं. ते त्याने मनातल्या मनात पूर्ण म्हटलं आणि रेझिनमध्ये हार्डनर टाकला.

वायर ब्रशने घासताना गंजाच्या खपल्या तोंडावर पडत. डोळे लाल झाले. रुपाली म्हणाली, "आता एवढं करताय, त्यापेक्षा तेव्हाच—" आणि तिने वाक्य अर्धं सोडलं. ते तिने पुरं केलं असतं तर धाकूला तिच्यावर चिडता आलं असतं.

पत्रा झाकला. राहिली ब्रेकची नळी. ब्रश मारल्यावर तिच्यावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे दिसले. इथे फायबर लावता येत नव्हतं. नळी बदलायला हवी होती. नळी बदलायची तर पुढच्या वाडीतल्या भागोजी मेकॅनिकला बोलवायला हवं होतं. भागोजीला कळलं की गावाला कळणार, गावाला कळलं की वहिनींना, आणि वहिनींना कळलं की जहाजाला.

धाकूने नळीवर काळा रंग मारला. एक हात दिल्यावर खड्डे दिसत होते, म्हणून दुसरा दिला.

एप्रिलच्या मध्याला जानू आला. दारात बॅग टाकली, चहा नको म्हणाला, आणि कण्हत कण्हत गाडीखाली शिरला. धाकू बाहेर उभा होता. आतून टकटक ऐकू आली. मग काहीच नाही. मग जानू बाहेर आला. नाकावर काळ्या रंगाचा डाग, आणि डोळे भरलेले. धाकूला वाटलं, कळलं. त्याला एकदम हलकं वाटलं.

"मेल्या," जानू म्हणाला, "रंगपण दिलास? मी फक्त धुवायला सांगितलं होतं रे."

आणि त्याने धाकूला मिठी मारली. दोघे भाऊ असं काही करणाऱ्यांतले नव्हते. धाकूला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

त्या दुपारी वहिनींनी सुरमई तळली आणि मोठा तुकडा धाकूच्या पानात वाढला. "खा भावजी. तुम्ही नसतात तर यांची गाडी भंगारातच गेली असती." धाकू तोच घास चघळत राहिला. "काटा लागला?" वहिनींनी विचारलं. तो हो म्हणाला.

बाजाराला तीन दिवस होते. या तीन दिवसांत खरं सांगणं सोडून धाकूने बाकी सगळं केलं. आधी तो म्हणाला, पीयूसी संपलीय. जानू तासाभरात ती करून आला. मग म्हणाला, "टायर गुळगुळीत झालेत, पावसाळ्यानंतर सुरू करू." जानू म्हणाला, "पाऊस यायला अजून दीड महिना आहे. कोरड्या रस्त्याला एवढे टायर पुष्कळ." शेवटी आदल्या दिवशी दुपारी सगळे वामकुक्षीला गेल्यावर धाकूने गाडीच्या बॅटरीची वायर ढिली करून ठेवली. बाजाराच्या सकाळी गाडी सुरू झाली नाही. जानूने बॉनेट उघडलं, दोन मिनिटांत वायर आवळली आणि कौतुकाने धाकूकडे बघितलं. "एवढी एकच गोष्ट राहिली होय रे तुझी?"

जेटीवरून मासळी आली होती. आठ क्रेट बांगडे, दोन कोळंबी, वर बर्फ. गाडीला झेंडूचा हार. जानू स्टिअरिंगवर. शेजारी कमळावहिनी, नवी जांभळी साडी, काच पूर्ण खाली. हातखंब्याच्या पुढचे, देवरूखच्या वाटेवरचे सगळे उतार धाकूला पाठ होते. कॉलेजात असताना तो तिथून एसटीने जायचा, आणि ड्रायव्हरचा पाय ब्रेकवरून हलत नसे.

"फोडा भावजी नारळ," वहिनी खिडकीतून म्हणाल्या. "बर्फ वितळतंय."

धाकूने नारळ वर उचलला आणि तसाच खाली घेतला.

"दादा, ब्रेक दाब."

"कशाला?"

"दाब. जोरात."

"लागतोय रे. परवाच फिरवून आणली ना पीयूसीला?"

"परवा हौदा मोकळा होता. उतार नव्हता. दादा, मी विहिरीचं पाणी मारलं."

रुपाली दारात उभी होती. तिने पदराने तोंड झाकलं.

"कधी?" जानूने विचारलं.

"रविवारी."

"कुठल्या रविवारी?"

"दर. पहिले दोन सोडून." हे दोन त्याने का सांगितले ते त्याचं त्यालाच कळलं नाही. "पत्रा गेलाय. वरून फायबर लावलंय होडीचं. ब्रेकची नळी खाल्लीय, तिच्यावर नुसता रंग आहे."

जानू हसला. थट्टाच वाटली त्याला. "काय गो, ऐकतेस? हा बी.एस्सी. माणूस," तो कमळाला म्हणाला, "खारं पाणी मारील?" आणि धाकूला दाखवायला म्हणून त्याने पाय उचलून पेडल दाबलं. "बघ. दगडासारखा घट्ट." पुन्हा दाबलं. "बघ." तिसऱ्या वेळेला त्याने सगळा भार टाकला, दुखऱ्या गुडघ्यासकट. खाली पच् असा आवाज झाला आणि पेडल पार तळाला गेलं. पाय तिथेच राहिला.

मागच्या चाकाजवळ तांबड्या मातीवर तेल टपकू लागलं. वहिनींनी दार उघडलं, उतरल्या, आणि दार अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "आता आम्ही दोघं बसलो म्हणून बोललात. हे एकटे निघाले असते तर?"

"तरी बोललो असतो."

"आणि मी परवा यांच्याबरोबर पीयूसीला गेले होते. तेव्हा कुठे होतात?"

धाकू परवा शाळेत होता. प्रयोगशाळेच्या कपाटांना कुलपं लावत होता.

वहिनींनी नव्या साडीचा पदर खोचला आणि क्रेट उतरवायला घेतले. नेहमीचा टेम्पो केव्हाच निघून गेला होता. बांगडा उन्हात थांबत नाही. दुपारपर्यंत त्या रस्त्याच्या कडेला बसून आल्यागेल्याला मिळेल त्या भावाने विकत राहिल्या, आणि उरलेला वाडीत वाटला. कोणी विचारलं तर, "गाडी बिघडली," एवढंच.

जानू गाडीखाली गेला होता. किल्लीच्या टोकाने त्याने कडेचा रंग उचकटला, तर फायबरचा अख्खा तुकडा सुटून त्याच्या छातीवर पडला. त्याच्या आतल्या बाजूला गंज असा चिकटून आला होता की पत्र्याचा ठसाच. तो तुकडा हातात घेऊन जानू बाहेर आला आणि धाकूला एकच प्रश्न विचारला.

"बादल्या जड होत्या काय रे?"

"नाय," धाकू म्हणाला. "लांब होतं."

जानूने मान हलवली. जणू नकाशावर अंतर तपासलं आणि ते बरोबर निघालं. त्यानंतर तो आठ दिवस धाकूशी बोलला नाही. बोलला नाही म्हणजे भांडलाही नाही. जेवताना मीठ हवं असेल तर रुपालीकडे मागायचा, मीठ धाकूच्या ताटाशेजारी असलं तरी.

धाकूची समजूत होती की एकदा सांगितलं की मोकळं होतं. सांगितल्यावर त्याला कळलं की सांगण्याने फक्त दुसऱ्यांना कळतं.

पुढच्या रविवारी भागोजी वेल्डिंगचं मशिन घेऊन आला. नवी नळी आणली होती, पत्रा कापून आणला होता. गाडीखाली डोकं घातलं आणि शीळच घातली. "जानूभाऊ, गाडी समुद्रात उभी केली होतीत काय?"

धाकू बाजूला बल्ब धरून उभा होता. जानूने त्याच्याकडे न बघता उत्तर दिलं. "खारा वारा. खाडीवर घर आहे आमचं."

"वारा वरून खातो. ही खालून खाल्लीय."

"यंदा वारा खालून होता," जानू म्हणाला.

धाकूच्या हातातला बल्ब हलला. आठ दिवस ज्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, तो भाऊ गावासमोर त्याला झाकत होता. कमळावहिनी ओट्यावर कोळंबी सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबले. धाकूने काही न बोलण्याचा अवकाश, प्रकरण इथेच मिटणार होतं. भागोजीने वाऱ्यावर विश्वास ठेवला नसता, पण ठेवल्यासारखं केलं असतं. गावात तेवढं पुरतं. धाकूला पोटात ओळखीची ऊब वाटली. कपाटात बॅटरीवर शाल नीट घडी करून ठेवताना वाटली होती, तीच.

"वारा नव्हता भागोजी," तो म्हणाला. "मी विहिरीचं पाणी मारत होतो. सहा महिने."

भागोजी गाडीखालून सरकत बाहेर आला. त्याने धाकूला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "तुम्ही शाळेत सायन्सला ना?"

"हो."

"शिकवता?"

"नाही. सामान मांडून देतो."

"बरं आहे," भागोजी म्हणाला आणि परत आत गेला.

जानू मात्र भडकला. "तुला गप्प बसता येत नाय? सहा महिने गप्प बसलास, आणि आज दोन मिनिटं जमली नाय? आता बुधवारपर्यंत सगळी रत्नागिरी हसेल. तुलाच नाय, मलापण. कोणाच्या हाती गाडी देऊन गेला होता म्हणून!"

"हसू दे."

"हसू दे म्हणतो! बल्ब नीट धर. त्याच्या डोळ्यांवर मारतोयस."

आठ दिवसांतलं हे त्याचं पहिलं बोलणं. धाकूने बल्ब नीट धरला.

बुधवारची वाट बघावी लागली नाही. सोमवारीच शाळेच्या शिपायाने विचारलं, "काय सर, मीठ किती घातलंत?" शिक्षकांच्या खोलीत कोणी चहात मीठ घालून दिलं. धाकूने प्रत्येकाला सांगितलं, हो, मीच, सहा महिने. कोणी दोनदा विचारलं तर दोनदा. नवा पत्रा नीट बसत नव्हता. चॅसीलाही एका ठिकाणी आधार घालावा लागणार होता. भागोजी म्हणाला, अजून महिना. म्हणजे मे संपणार, मासेमारीला बंदी लागणार, आणि जानू-कमळाचा गाडीतला पहिला बाजार थेट श्रावणात.

तोवर वहिनी पुन्हा लोकांच्या टेम्पोत. बाजाराच्या दिवशी पहाटे धाकू उठतो आणि न सांगता त्यांचे क्रेट रस्त्यापर्यंत नेऊन ठेवतो. पहिल्या दिवशी त्यांनी क्रेट त्याच्या हातून काढून घेतला होता. दुसऱ्या बाजाराला काढून घेतला नाही, पण बोलल्याही नाहीत. तिसऱ्या बाजाराला टेम्पो आला, आधीच गच्च भरलेला. धाकूने क्रेट वर चढवले. वहिनी हौद्यात चढल्या आणि दोन क्रेटांच्या मधे पाय दुमडून बसल्या. त्यांचा गुडघा एका क्रेटाच्या कोपऱ्याला टेकला होता. धाकूने तो क्रेट हलवायला हात घातला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातून बर्फ सांडेल."

टेम्पो सुटला. धाकू रस्त्यावर उभा राहिला. वळणापर्यंत वहिनींचं तोंड त्याच्याकडेच होतं, कारण मागे बसलेल्याला दुसरीकडे बघता येत नाही.